छावणीतला सेन्योर सांदो

सांडूला बेंजो पार्टीत घेतलं ते शफीभाईंनी, आणि तेही ऐकण्यातल्या चुकीनं. मॅट्रिकला दोनदा आपटी खाऊन सांडू वैजापूर तालुक्यातल्या आपल्या खेड्यातून औरंगाबादला आला होता. छावणीत त्याची मावशी वच्छलाबाई राहायची. तिचा नवरा कॅन्टोन्मेंटच्या कचेरीत शिपाई होता. तो वारल्यावर दोन खोल्यांत ती एकटीच उरली होती. शहरातली दखनी बोली सांडूच्या कानाला अजून बसली नव्हती. समोरच्या आळीत शफीभाईंची लग्नात वाजवायची पार्टी होती, आणि त्यांचा बेंजोवाला ऐन वरातीच्या दिवशी रुसून मालेगावला निघून गेलेला. शफीभाई गल्लीत दिसेल त्याला विचारत सुटले होते, "बजाता क्या रे, बजाता?"

सांडूला वाटलं, बाजारात जातो का म्हणून विचारायलेत. तो म्हणाला, "व्हय, जातो की."

संध्याकाळी त्याच्या गळ्यात बेंजो होता. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते वाद्य त्यानं जन्मात धरलं नव्हतं. पण गावच्या भजनात पेटीवर बोटं फिरवलेली होती, तेवढ्या पुण्याईवर वरात कशीबशी मांडवाला लागली. शफीभाई स्वतः ढोलकी वाजवायचे. त्यांनी त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि म्हणाले, "सूर कच्चा है, लेकिन समेवर बरोबर येतो तू. कल से आ."

गावाकडं त्याचा बाप कारभारी कापूस आणि कांदा करायचा. पोरगा शहरात काय करतो असं कुणी विचारलं की सांगायचा, "कंपनीत हाय." सांडूनं ते कधी खोडलं नाही. आपण वाजवणारे आहोत हे त्यालाही पुरतं पटलेलं नव्हतं. बाजारात जायला निघालेला माणूस वरातीत सापडला, असंच त्याला पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

अशात एकोणीसशे सत्तरच्या थंडीत एक स्पॅनिश माणूस वेरूळची लेणी बघायला आला आणि काविळीनं आडवा झाला. सरकारी दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, इतक्यात प्रवास नाही, पथ्य कडक. चर्चच्या फादरांनी त्याची सोय वच्छलाबाईच्या बाहेरच्या खोलीत लावली, कारण काविळीचं माणूस सांभाळावं तर तिनंच, हे छावणीत सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्याचं नाव राफाएल. वच्छलाबाईनं ते एकदा ऐकलं आणि त्याला रामफळ म्हणायला सुरुवात केली. शफीभाईंच्या तोंडी तो रफीक झाला. सांडू त्याला नुसतं सायेब म्हणायचा.

"रामफळ, घे, पी," म्हणत मावशी मुळ्याचा रस पुढं करायची. तो नाक दाबून प्यायचा आणि मग आपल्या भाषेत लांबलचक काहीतरी बोलायचा.

"आशीर्वाद द्यायलाय बिचारा," मावशी म्हणायची. त्याच्या तोंडाकडं बघून सांडूला तसं वाटत नसे.

त्याच्याजवळ एक गिटार होती. पिवळट लाकडाची, हलकी, सतारीसारख्या लाकडी खुंट्या असलेली. तिला जवळ गेलं की सुताराच्या रंध्याखालून निघाल्यासारखा वास यायचा. मधल्या गोल तोंडाच्या कडेला विडी टेकून जळल्याचा काळा डाग होता. पहिले कितीतरी दिवस ती खाटेखालीच पडून राहिली. मग एका दुपारी शफीभाईंच्या अंगणात पार्टीची तालीम चालली असताना राफाएल मावशीची गोधडी पांघरून दारात आला आणि टाळ्या वाजवायला लागला. टाळ्या भलत्याच जागी पडत होत्या. ढोलकी एकीकडं, तो दुसरीकडं. शफीभाईंचा हात अडखळला.

"ये आदमी सम पे कायकू नै आता?" ते म्हणाले. "कावीळ डोक्यात गेली का याच्या?"

राफाएल आत गेला आणि गिटार घेऊन आला. उंबऱ्यावर बसला. उजव्या हाताची बोटं त्यानं मिटली आणि करंगळीपासून एकेक अशी तारांवर उधळली, की सांडूला वाटलं, दहाबारा जण एकदम वाजवायलेत. गल्लीतली कोंबडीसुद्धा थबकली. सांडूनं बेंजो खाली ठेवला. आपण आतापर्यंत जे करत होतो ते काय होतं, असा प्रश्न त्याला त्याच वेळी पडला.

दुसऱ्या दिवसापासून तो राफाएलच्या खाटेशी बसायला लागला. बोलायला भाषा नव्हती. राफाएलला इंग्रजीचे चार शब्द यायचे, सांडूला तीन, आणि ते वेगळे होते. राफाएल त्याचा पंजा धरायचा, बोटं वाकवायचा, मनगटावर टिचकी मारायचा. चुकलं की "नो!" आणि जमलं की "ओले!" एवढ्यावर शिकवणी चालली.

बोटं वळली. अडलं ते मोजण्यात. राफाएल बारा मोजायचा. पण जोर द्यायचा तो अशा वेड्यावाकड्या ठिकाणी, की सांडूला सुरुवात कुठली तेच सापडेना. आणि संपवायचा दहावर. उरलेले दोन हवेतच. सांडूला वाटायचं, जिन्याच्या पायऱ्या संपल्या म्हणून पाय टाकावा आणि खाली आणखी दोन निघाव्यात, तसं हे आहे. ढोलकीवर वाढलेला त्याचा हात दरवेळी पुढं जाऊन एकावर येऊन पडायचा. "नो!" राफाएल ओरडायचा. "दहा! दहा!" एवढा मराठी आकडा तो मावशीकडून शिकला होता.

एक चीज तो सारखी वाजवायचा. तिला तो सोलेआ म्हणायचा. म्हणताना डोळे मिटायचा. सांडूनं ठरवलं, हे त्याच्या बायकोचं नाव असणार. मावशीला त्यानं तसं सांगितलंही. तेव्हापासून मावशी राफाएलला रस देताना म्हणायची, "पी बाबा. सोलेआ वाट बघत असंल."

होळीच्या सुमारास राफाएलच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला. लग्नसराई सुरू झाली होती. पार्टी वैजापूरला मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याच्या लग्नाला गेली आणि लगोलग तिथंच दुसरं लग्न मिळालं म्हणून राहिली. सांडू परतला तेव्हा बाहेरची खोली झाडून ठेवलेली होती. राफाएल मनमाडच्या गाडीनं निघून गेला होता. फादरांना मुंबईहून निरोप आला होता, जहाजात जागा मिळाली म्हणून. खाटेवर गिटार होती.

"ही कशी ऱ्हायली?" सांडूनं विचारलं.

"देऊन गेला तुला," मावशी म्हणाली. "जाताना मराठीत बोलला बग. गिटार पुढं केली अन् तुझं, तुझं म्हणला. चांगलं दोनदा म्हणला."

शफीभाईंना हे पटेना. "रफीकला मराठी कुठं येत होती? दहा सोडून एक लफ्ज नै. जल्दीत विसरला असेल. सांडू, ये अमानत है. संभालके रख. येईल तेव्हा दे."

सांडू दोघांच्या मध्ये सापडला. मावशी खोटं बोलणारी बाई नव्हती, आणि शफीभाईंचंही खोटं म्हणता येत नव्हतं. फादर तोवर बदलून गोव्याकडं गेले होते, पत्ता कुणाजवळ नव्हता. बक्षीस म्हणावं तर दुसऱ्याची वस्तू लाटल्यासारखं वाटायचं. अमानत म्हणावं तर रोज वाजवायची कशी? शेवटी त्यानं दोन्ही केलं. वाजवायचा रोज, आणि वाजवून झालं की फडक्यानं पुसून, माणूस उद्याच येणार असल्यासारखी ठेवायचा. वरातीत ती कधी नेली नाही. तारा तुटल्या तेव्हा बारीक तारांच्या जागी त्यानं मासे धरायची नायलॉनची दोरी लावली, जाड्या तारा मुंबईहून कुणाकुणाच्या हातानं मागवल्या. डाग होता तिथं हात लावू दिला नाही कुणाला.

लग्न झालं. बायको आवडाबाई शिऊरकडची. पहिल्या दिवाळीला तिनं विचारलं, "हे वाजवता ते कुणाचं गाणं हाय?"

"त्या सायबाच्या बायकोचं."

आवडाबाईनं जरा वेळ विचार केला. "दुसऱ्याच्या बायकोचं गाणं तुम्ही कामून वाजवता?"

सांडूचं वाजवणं काही सुटलं नाही. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसा त्याचा हात त्या बारा मात्रांकडं जायचा. एकट्यानं वाजवताना दहावर थांबायला धाक घालणारं कुणी नव्हतं, म्हणून हळूहळू तो एकावर येऊन संपवायला लागला. मधे एक जागा रिकामी वाटायची. तिथं त्याला राफाएलचं नीट आठवायचं नाही, तेव्हा जे आठवेल ते भरायचा. काही वर्षांनी आठवलेलं कुठलं आणि भरलेलं कुठलं हेच त्याला सांगता येईना.

पुढं जालना रोडवर परदेशी पाहुण्यांसाठी मोठं हॉटेल झालं. तिथल्या मॅनेजरला कुणीतरी सांगितलं, छावणीत एक जण स्पॅनिश गिटार वाजवतो. मॅनेजर मुंबईचा. त्यानं ऐकलं, खूश झाला आणि सांडूला काळं जाकीट आणि लाल रुमाल दिला. जेवणाच्या हॉलबाहेर पाटी लागली, सेन्योर सांदो, स्पेन. सेन्योर म्हणजे त्यांच्याकडचं श्रीयुत.

"सायेब, मी वैजापूरचा हाय," सांडू म्हणाला.

"संध्याकाळी सात ते दहा नाहीस," मॅनेजर म्हणाला.

अशी ती नोकरी लागली आणि चौदा वर्षं चालली. दिवसा बेंजो, संध्याकाळी स्पेन. देशी पाहुणे म्हणायचे, काय इंग्रजी वाजवतो! जर्मन आणि फ्रेंच म्हणायचे, याच्यात भारताचा आत्मा आहे. कुणी खरंच स्पॅनिश बोलायला लागलं तर सांडू "सी, सी", म्हणजे हो हो, म्हणायचा आणि कुंडीमागं तारा जुळवायला जायचा. फसवतोय असं म्हणावं, तर वाजवत होता ते स्पॅनिशच होतं, निदान त्याच्या समजुतीनं. आणि स्पॅनिश आहे म्हणावं, तर कशावरून?

एकदा कारभारी जमिनीच्या वाटणीच्या कामानं शहरात आला आणि थेट हॉटेलवर पोचला. धोतर, पटका, हातात काठी. दरवानानं बाजूच्या दारानं आत घेतला. सांडू रुमाल बांधून उभाच होता.

बापानं त्याला वरून खाली पाहिलं. "हे कुणाचं सोंग रं?"

"स्पेनचं."

"ते कुठं आलं?"

"मला बी नाय माहीत, आबा."

कारभारी कोपऱ्यात बसून दोन गाणी ऐकून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "हाताला फोड येत नाय ना?" सांडूनं हात दाखवला. बोटांच्या टोकांना नांगर धरणाऱ्याच्या तळव्यासारखे घट्टे होते. कारभारीनं ते अंगठ्यानं दाबून पाहिले आणि मान डोलावली. मग गावात काय सांगितलं कोण जाणे. पण तेव्हापासून गावाकडं सांडूला कुणी कंपनीबद्दल विचारलं नाही.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत स्पेनहून म्हाताऱ्या माणसांची एक टोळी लेणी बघायला आली. त्यांच्याबरोबर इलियास नावाचा गाईड होता, मूळचा औरंगाबादचाच, दिल्लीत राहून स्पॅनिश शिकलेला. स्पॅनिश लोक आलेत म्हटल्यावर सांडू सबंध संध्याकाळ कुंडीजवळच उभा होता. सोलेआ सुरू केली आणि टेबलांमधून टाळ्या ऐकू आल्या. भलत्याच जागी पडणाऱ्या. काठी टेकत एक जाडा, टकला माणूस पुढं आला. सांडू शेवटाकडं आला, हात एकावर पडला. त्या माणसाची टाळी तीन मात्रा आधीच, दहावर थांबली होती.

सांडू पुढं झाला. "रफेल सायेब?"

माणूस नुसता बघत राहिला.

सांडूनं इलियासला हाक मारली. "यांना सांगा, मी सांडू. छावणी. कावीळ. मावशी."

इलियासनं सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला, मग कडवट झाला. तो भराभर बोलला. "म्हणतात, मुळ्याचा रस आठवतो," इलियास हसत म्हणाला. "बाईही आठवते. आणि एक माणूस होता, ढोल वाजवायचा. तो तूच का?"

"तो शफीभाई," सांडू म्हणाला. "मी... मी त्यांच्यापाशी बसायचो."

म्हाताऱ्यानं सभ्यपणे मान हलवली. त्याला सांडू आठवत नव्हता. बावीस वर्षं ज्याची वाट बघत वस्तू सांभाळली, त्याच्या लेखी आपण नव्हतोच, हे सांडूच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. तो घाईनं म्हणाला, "अन् ही गिटार. त्यांचीच हाय ही."

इलियासनं ते सांगितलं आणि उत्तर आलं तसा तो गिटारकडं बघायला लागला.

"काय म्हणले?"

"म्हणतात, माझी गिटार मनमाड स्टेशनात चोरीला गेली."

सांडूचे कान तापले. पाटीवर स्पेन, गळ्यात रुमाल, हातात चोरीची गिटार. त्यानं ती पुढं केली. म्हाताऱ्यानं चष्मा वर केला, तोंडाच्या कडेचा काळा डाग बघितला, त्यावर बोट ठेवलं, मग खुंटीवर. खाली बसला. मग हळू आवाजात बोलायला लागला आणि इलियास एकेक वाक्य सांगत गेला.

राफाएल स्पेनमधल्या हेरेस गावचा. बाप दारूची लाकडी पिंपं बनवायचा. गिटार चुलत्याची. पोरवयातच तो एका नाचाच्या पार्टीबरोबर निघाला, मागं बसून वाजवणारा दुसरा गिटारवाला म्हणून. लिस्बन, कैरो, बैरूत, कराची, मुंबई. मुंबईत मालकाचं आणि नाचणारीचं भांडण झालं, पार्टी मोडली, मालक आपलं तेवढं तिकीट काढून परत गेला. कुणीतरी सांगितलं, नाचणारे देव कोरलेली लेणी आहेत, म्हणून तो इकडं आला आणि आजारी पडला. परत गेल्यावर समुद्रकाठच्या हॉटेलांत इंग्रज पाहुण्यांपुढं वाजवत राहिला. पंधरा-सोळा वर्षं. मग बोटांचे सांधे धरले. आता काही वर्षांत गिटारला हात लावला नव्हता.

इलियास थांबला आणि म्हणाला, "सांगतात, त्यांनाही असंच काळं जाकीट दिलं होतं. लाल रुमाल पण."

सांडूला हसावं की काय करावं कळेना. खऱ्या स्पॅनिश माणसालाही स्पॅनिशचं सोंग घ्यायला लावतात, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टोळी अजिंठ्याला गेली, इलियासही गेला. राफाएल मात्र सांडूबरोबर रिक्षानं छावणीत आला. वच्छलाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. सत्तरी उलटलेली, पण नजर शाबूत. "रामफळ!" ती म्हणाली, उठली, आणि आधी त्याची खालची पापणी ओढून बघितली. "पिवळं नाय. पण तेलकट खातो वाटतं. केवढा सुटलाय!" शफीभाई आले, गळ्यात पडले, "रफीक, रफीक" करत रडले. त्यांची दाढी पांढरी झाली होती आणि ढोलकी आता पुतण्या वाजवायचा.

राफाएलनं खुणेनं सांडूला वाजव म्हटलं. सांडू उंबऱ्यावर बसला. मधल्या जागेवर आला तसा राफाएलनं हात वर केला. "नो," तो म्हणाला. पूर्वीसारखा ओरडला नाही. सांडूनं चूक झाली समजून परत वाजवलं. पुन्हा "नो". मग राफाएलनं गिटार आपल्याकडं घेतली आणि ती जागा वाजवायला बघितलं. सांधे धरलेली बोटं आखडत होती. त्यानं सांडूकडं पाहिलं, सांडूनं गाऊन दाखवलं. राफाएलनं परत वाजवून बघितलं. असं करत करत तो शेवटाकडं आला आणि दहावर थांबला, तर सांडूचं गाणं पुढं चाललेलं. राफाएल बावचळला. बोटांवर मोजायला लागला. परत चुकला.

"बग, बग," सांडू शफीभाईंना म्हणाला, "माझं व्हायचं तसंच व्हायलंय त्यांचं!" आणि त्याला एवढं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. राफाएलही हसत होता. जेवणापर्यंत दोघं तेच करत बसले. जमलं नाही.

दिवस कलल्यावर इलियास न्यायला आला. त्याच्याकडून कळलं ते असं: मधला तुकडा राफाएलचा नव्हता. त्यानं तो शिकवला नव्हता, कधी ऐकलाही नव्हता.

"मग कुणाचा?" सांडूनं विचारलं.

"कव्वालीचा," शफीभाई म्हणाले. "उर्साला ऐकला असशील. साफ कव्वाली है."

"कव्वाली कशाची?" वच्छलाबाई म्हणाली. "माझी दळणाची चाल हाय ती. मी जात्यावर म्हणायची." मग ती जरा थांबली. "का हा खाटंवर पडल्या पडल्या गुणगुणायचा तेच मी म्हणायला लागले? आता काय आठवतंय बाई."

सांडू एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. एवढी वर्षं हे स्पेनचं म्हणून त्यानं जपलं होतं. "अन् सोलेआ? बायको कशी हाय त्यांची?"

इलियासला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर तो म्हणाला, "सोलेआ म्हणजे बायको नाही हो. एकटेपणाचं गाणं. लग्न नाही केलं यांनी."

"अरे देवा," मावशी म्हणाली.

निघायची वेळ झाली. सांडूनं गिटार पुसली आणि राफाएलपुढं धरली. "तुझं," तो म्हणाला.

राफाएलनं ती परत त्याच्याकडं लोटली. "तुयो," तो म्हणाला.

"तुझं."

"तुयो, तुयो."

"हेच!" वच्छलाबाई ओरडली. "हेच म्हणला होता! मी खोटं बोलते व्हय?"

इलियास हसायला लागला. त्यांच्या भाषेत तुयो म्हणजे तुझंच, असं त्यानं सांगितलं. मग त्यानं राफाएलला विचारलं, जाताना तुम्ही तसं म्हणाला होता का? राफाएलनं खांदे उडवले. आठवत नाही. चोरीला गेली हेच त्याला आठवत होतं. आजारातून उठलेलं डोकं, कदाचित दिलीही असेल. मग तो काही बोलला आणि इलियासनं वच्छलाबाईकडं बघितलं.

"म्हणतात, खोलीत तेव्हा तुम्हीच होतात. तुझं म्हटलं असेल तर तुम्हालाच म्हटलं असणार. इतकं केलंत त्यांचं."

वच्छलाबाईनं पदर सावरला. "मला? मी काय वाजवते व्हय?"

"मावशी, मग तुझीच की ही," सांडू म्हणाला. गिटार बक्षीस नव्हती, अमानत नव्हती, त्याची तर कधीच नव्हती.

वच्छलाबाईनं फार विचार केला नाही. "माझी असंल तर घेऊन जा म्हणावं त्याला. एवढ्या लांबून आलाय, रिकाम्या हातानं जाईल व्हय? अन् बोटं हलव म्हणावं रोज, नायतर अजून धरतील." राफाएलनं खूप नाही-नाही केलं. पण मुळ्याच्या रसाला ज्यानं नाही म्हटलं नव्हतं, तो आता काय म्हणणार? इलियासनं गिटार रिक्षात ठेवली. राफाएल वाकून मावशीच्या पाया पडला, शफीभाईंना भेटला, आणि सांडूचा उजवा पंजा दोन्ही हातांत धरून बोटं एकेक करून दाबली, घराबाहेर पडताना माणूस चाव्या तपासतो तशी. रिक्षा क्रांती चौकाच्या दिशेनं वळली.

हॉटेलनं दुसरी गिटार आणून दिली, लोखंडी तारांची. सांडूनं ती थोडे दिवस वाजवली. बोटं सोलली आणि आवाज पत्र्यासारखा यायचा. मॅनेजर नवा होता. त्यानं कीबोर्डवाला ठेवला. पाटी उतरवली, जाकीट परत घेतलं, रुमाल सांडूकडंच राहिला. आवडाबाईनं त्यात लसूण बांधून टांगला.

सांडू पुन्हा शफीभाईंच्या पार्टीत पूर्णवेळ आला. बेंजोवर त्याचा हात आता निराळाच चालायचा. नवरदेवाची घोडी अडली की पोरं म्हणायची, "सांडूमामा, ते घ्या, तारा फोडणारं." तो करंगळीपासून एकेक बोट उधळायचा आणि पोरं नाचायची. शफीभाईंचा पुतण्या म्हणायचा, चाचा, ये कौनसा ठेका है? शफीभाई म्हणायचे, कव्वालीचा. सांडू तोवर पुढचं गाणं धरायचा.

पावसाळ्यात लग्नं बंद झाली. एका संध्याकाळी तो घरात बसला होता आणि त्याची बोटं ताटाच्या काठावर चालली होती. आवडाबाई तव्यापाशी होती. तिनं खूप वेळ ते ऐकलं.

"तुम्हाला वाईट वाटायलंय का?" तिनं विचारलं. "गिटार गेली म्हणून."

सांडूनं खरंच विचार केला. वस्तू ज्याची त्याला गेली, याचं बरं वाटत होतं. पण ती त्याची होती का? आणि जे गेलं ते गिटारबरोबर गेलं, का इथंच राहिलं? त्यानं बोटांकडं बघितलं. घट्टे अजून तसेच होते.

"मला कळंना," तो म्हणाला.

"बरं," आवडाबाई म्हणाली, आणि त्याच्या हातांखालून ताट ओढून त्यात भाकर टाकली. "मग जेवून घ्या. गार व्हायली."